हँगार्डच्या दफनभूमीतील मुंबईकर वैमानिक

फ्रान्समधील आमियाँ शहराच्या आग्नेयेस हँगार्ड नावाचे लहानसे गाव आहे. तेथील लष्करी दफनभूमीत लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर या मुंबईच्या तरुण वैमानिकाने चिरविश्रांती घेतली आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या चार भारतीय वैमानिकांपैकी ते एक. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक आणि एरोल सेन हे अन्य तिघे.

वेलिणकर केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयाचे विद्यार्थी. युद्धाला तोंड फुटले तेव्हा हिंदी माणसाने वैमानिक अधिकारी होणे जवळजवळ अशक्य होते. बादशहाची सनद गोऱ्यांसाठी राखीव असे. लष्करी डॉक्टरांचा अपवाद सोडला तर हिंदी शिपायाची मजल सुभेदार-मेजरपर्यंतच. वैमानिकांची हानी वाढत गेली, तशी ही दारे किंचित किलकिली झाली. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या मलिक यांनाही शिक्षकाच्या खटपटीनंतरच प्रवेश मिळाला. वेलिणकर १९१७ मध्ये दाखल झाले आणि पुढे २३ व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले.

या स्क्वाड्रनकडे १९१८ च्या वसंतात सॉपविथ डॉल्फिन ही विमाने आली. वैमानिकाचे डोके वरच्या पंखातील मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे आकाश चौफेर दिसे. मात्र विमान जमिनीवर उलटले तर पहिला आघात डोक्यावरच होण्याची भीती. ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्री दिली जात नव्हती. दोन आसनी बॉम्बफेकी विमानात निदान सोबतीला दुसरा माणूस असे. डॉल्फिनमध्ये वैमानिक एकटाच. गोळी लागली तरी विमान सांभाळायचे त्यानेच, आणि परतीची वाट शोधायचीही त्यानेच. मलिक ऑक्टोबर १९१७ मध्ये पायात गोळ्या घुसलेल्या अवस्थेत आपल्या हद्दीत परतू शकले होते.

वेलिणकर यांना ते भाग्य लाभले नाही. २७ जून १९१८ रोजी ते गस्तीसाठी झेपावले आणि परतलेच नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती लागले. ३० जूनला त्यांचा मृत्यू झाला. दफन शत्रूनेच केले, तेही अधिकाऱ्याच्या इतमामाने. पण नोंद करताना नावाची पार मोडतोड झाली. जर्मन कारकुनाला मराठी आडनाव कोठून उमगणार? परिणामी युद्ध संपल्यावरही हा अधिकारी नेमका कोठे विसावला आहे, याचा उलगडा होईना. तो होण्यास काही वर्षे जावी लागली.

दरम्यान, २२ जुलै १९१८ रोजी इंद्रलाल रॉयही धारातीर्थी पडले. सेन सप्टेंबर १९१७ पासून युद्धकैदी होते. ते आणि मलिक मात्र युद्धातून बचावले. भारतीय हवाई दलाची स्थापना त्यानंतर बऱ्याच काळाने, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली.

हँगार्ड येथील वेलिणकर यांच्या शिळेवर आज त्यांचे खरे नाव कोरलेले आहे.