फेलिक्स देरेल : जीवाणूंच्या शत्रूचा शोध आणि एक अपुरा सिद्धान्त

नवी दिल्ली, २२ फेब्रुवारी : जीवाणूंचा फडशा पाडणाऱ्या विषाणूंना 'बॅक्टेरिओफाज' हे नाव देणारे फेलिक्स देरेल यांचे १९४९ मध्ये आजच्याच दिवशी पॅरिस येथे निधन झाले. मधुमेही रुग्णांच्या पायांवरील न भरणाऱ्या जखमांच्या निमित्ताने त्यांचे कार्य पुन्हा अभ्यासले जात आहे. आणि त्यांनी हट्टाने नाकारलेली एक कल्पनाही.

१८७३ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या देरेल यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्र ते स्वतःच शिकले. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत काम करून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. महायुद्धाच्या काळात आमांशाने आजारी सैनिकांच्या विष्ठेतून गाळलेल्या द्रवात जीवाणू नष्ट करणारे काहीतरी असल्याचे त्यांना आढळले. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला. इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी तसाच प्रकार १९१५ मध्येच नोंदवला होता. परंतु तो विषाणूच आहे असे ठामपणे सांगून त्याचा औषध म्हणून वापर केला तो देरेल यांनी. १९१९ मध्ये पॅरिसमधील आमांशाच्या बालरुग्णाला हा द्रव देण्यापूर्वी तो त्यांनी स्वतः प्राशन केला होता.

१९२७ मध्ये पटकीवरील प्रयोगांसाठी ते भारतात आले आणि पंजाबातील विहिरींत त्यांनी फाज सोडले. पटकीचे जीवाणू गंगा-यमुनेच्या पाण्यात टिकत नाहीत, हे अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्येच नोंदवले होते. पुढे देरेल यांनी तिबिलिसी येथे जॉर्ज एलियावा यांच्या संस्थेला साहाय्य केले. स्टालिनच्या राजवटीत १९३७ मध्ये एलियावा यांना ठार करण्यात आले. संस्था मात्र टिकली, आणि चिघळलेल्या जखमांवर तेथे आजही फाज वापरले जातात.

मधुमेहात पायाची संवेदना बोथट होते, रक्तपुरवठा मंदावतो आणि प्रतिजैविके जखमेपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास यांसारखे जीवाणू चिकट थर रचून त्याआड दडतात. पाय कापण्याची वेळ येते ती बहुधा अशाच जखमांतून. विशिष्ट जीवाणूलाच गाठणारा फाज येथे उपयुक्त ठरू शकतो, ही आशा देरेल यांच्या विचाराशी सुसंगत आहे.

मात्र जखमेतील प्रत्येक फाज रुग्णाचा मित्र नसतो. बरे होणे म्हणजे फाजचा विजय, असे देरेल मानत. जीवाणूला फोडणारे तत्त्व त्याच्या स्वतःच्याच आनुवंशिकतेत असते, या ज्यूल बोर्दे यांच्या मताशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. तो विषाणूच आहे, हे देरेल यांचे म्हणणे खरे ठरले. पण काही फाज जीवाणूत गुपचूप मुक्काम करतात, हे आंद्रे ल्वॉफ यांनी १९५० मध्ये दाखवले. तोवर देरेल हयात नव्हते. असे फाज कधी यजमान जीवाणूला विषारी घटकांची जनुकेही पुरवतात. स्यूडोमोनासमधील पीएफ नावाचे धाग्यासारखे फाज तर त्याचा चिकट थर अधिक घट्ट करतात आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवतात. उपचारासाठी फाज निवडताना तो जीवाणूला फोडणाराच आहे, मुक्कामी नाही, याची खात्री आता आधी केली जाते.