गाय वळूकडे नाही, सेवा गोठ्याकडे : मणिभाई देसाईंची गोष्ट

गांधीबाग (नागपूर) : गाय सकाळी माजावर आली की आपण काय करतो? मोबाईल काढतो अन् रेतन करणाऱ्याला फोन लावतो. संध्याकाळपर्यंत तो गाडीला कंटेनर बांधून गोठ्यात हजर. पूर्वी गाय दोर धरून वळूकडे नाहीतर केंद्रावर चालवत न्यावी लागे. पोचेपर्यंत माज उतरला की 21 दिवस गेले. ही सेवा गोठ्यापर्यंत आणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते म्हणजे मणिभाई देसाई.

जन्म 1920 चा, सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी. शेतकऱ्याचं घर. शिक्षण विज्ञानाचं, पण पशुवैद्यकाचं नाही, हे लक्षात ठेवा. 1942 च्या चळवळीत उतरले, तुरुंगात गेले आणि पुढे आपल्या शेजारच्या सेवाग्रामला गांधीजींकडे आले. मार्च 1946 मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. मणिभाई तिथंच राहिले. गावासाठी आयुष्य देण्याचा शब्द दिला होता, तो शेवटपर्यंत पाळला. लग्न केलं नाही.

आश्रमात त्यांनी गीर गाई पाळल्या. गाय किती दूध देते, कधी गाभण राहते, काय खाते, हे बघत बघतच ते या विषयात शिरले. 1967 मध्ये त्यांनी बायफ ही संस्था काढली. गावठी गाईला जर्सी किंवा होल्स्टीन वळूचं वीर्य द्यायचं, जास्त दुधाची कालवड तयार करायची, आणि हे सगळं शेतकऱ्याच्या दारात. वीर्याच्या कांड्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, म्हणून वळू कुठंही असो, काम आपल्या गावात होतं.

नुसतं रेतन करून भागत नाही. उपाशी गाय माज दाखवत नाही, दाखवला तरी उलटते. कुटार आणि मूठभर ढेप यावर संकरित गाय कशी निभावणार? म्हणून बायफनं चाऱ्याचंही काम घेतलं. सुबाभळीचा प्रसार त्यातलाच. (सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका. तिच्यात मायमोसिन असतं, जनावराचे केस गळतात.)

गांधीजींचा माणूस विदेशी रक्त आणतो, ही टीका तेव्हा झाली, आजही होते. आमच्या मते तिच्यात तथ्य आहे. विदर्भाच्या उन्हात संकरित गाय धापा टाकते, गोचिडाचे आजार लवकर होतात, आणि गोऱ्ह्याला वशिंड नसल्यानं जू नीट बसत नाही. आपली गवळाऊ ऊन सोसते, तिचा बैलही पळतो. पण डेअरीच्या पगारावर ज्यांची पोरं शिकली, त्यांना हा हिशेब वेगळा दिसेल. आता बायफ देशी जातींचंही काम करते.

1968 मध्ये पद्मश्री, 1982 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1993 मध्ये मणिभाई वारले, तेव्हा उरुळीत येऊन त्यांना 47 वर्षं झाली होती.