८ गुणांचा ‘थग’ आणि आमच्या नळदुर्गचा टेलर

इंग्रजी वर्ड गेममध्ये टी-एच-यू-जी लावलं की ‘थग’ होतो. स्क्रॅबलमध्ये ८ गुण. पुढे जी-ई-ई असलेला ‘थगी’ जमला तर १२, आणि हातातल्या सातही टाइल एकदम लावल्या तर वर ५० बोनस. ॲप शब्द चालतो की नाही एवढंच सांगतं. हा आपलाच ठग, ठक! आणि तो इंग्रजी घराघरांत पोचवणारा माणूस आमच्या धाराशिव जिल्ह्यात राहून गेलाय, हे नळदुर्गचा किल्ला कितीदा बघूनही मला माहीत नव्हतं.

फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८, लिव्हरपूल. १५ वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, तो एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी मुंबईला आला. पेढीची अवस्था बघून त्याच वर्षी निजामाच्या फौजेत शिरला. इथल्या भाषा शिकला, पोलिसांचं काम केलं. ठगांची पद्धत अशी: वाटसरूंच्या मेळ्यात मिसळायचं, विश्वास कमवायचा आणि मग रुमालाने गळा आवळायचा. टेलरने तपास सुरू केला, पण त्याला दुसऱ्या कामावर पाठवलं आणि नाव झालं स्लीमनचं. ही सल त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलीय.

मग १८३९ मध्ये त्याची कादंबरी आली, ‘कन्फेशन्स ऑफ अ थग’. एक ठगच आपली कहाणी सांगतो. शब्द सरकारी कागदांत आधीपासून होता, पण पुस्तक इतकं खपलं की तो सगळ्यांच्या तोंडी झाला. आज इंग्रजीत थग म्हणजे कुठलाही गुंड. विश्वासघाताचा मूळ अर्थ जवळजवळ पुसलाच गेला. कंपनी सरकारने ठगांचं प्रकरण फुगवलं, असंही बरेच इतिहासकार मानतात. म्हणून ती कादंबरी कादंबरी म्हणूनच वाचा.

जाता जाता, ‘डकॉइट’ ९ गुणांचा. आपल्या कायद्यात दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. कॉलिन्सच्या यादीत सीऐवजी के घालूनही तो चालतो, मग ११! ‘मंगूस’ तर थेट मराठी मुंगूस.

पुढे टेलर बारा वर्षं सुरपूर संस्थानात होता. तिथे असतानाच १८४४ मध्ये त्याची बायको वारली. १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे आला आणि टेलर इथला डेप्युटी कमिशनर झाला, मुक्काम किल्ल्यातच. १८५७ मध्ये वऱ्हाडात बदली, १८६० मध्ये मायदेशी. पण तिथे बसून त्याने १८६३ मध्ये ‘तारा’ लिहिली, आणि ती सुरू होते आपल्या तुळजापुरात!

म्हातारपणी डोळे गेले. तरी १८७५ मध्ये तो पुन्हा भारतात आला, तापाने आजारी पडला आणि परतीच्या वाटेवर, १८७६ मध्ये, फ्रान्समधल्या मांतों गावी वारला.