अनागारिक धम्मपाल आणि होनोलुलूची दायिका

महाबोधी महाविहार मुक्ती आंदोलनात अनागारिक धम्मपाल यांचे नाव आपण वारंवार घेतो. १८९१ साली ते बुद्धगयेला आले, महंताच्या ताब्यातल्या विहाराची अवस्था पाहून व्यथित झाले आणि त्याच वर्षी त्यांनी कोलंबोत महाबोधी सोसायटी स्थापन केली, एवढे बहुतेक कार्यकर्त्यांना माहीत असते. पण या कामाला पैसा कुठून आला, हे आपण क्वचितच विचारतो. निधीअभावी अनेक चांगले उपक्रम मध्येच थांबतात, म्हणून हा प्रश्न आपल्याही जिव्हाळ्याचा आहे.

धम्मपालांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबोत झाला. मूळ नाव डॉन डेव्हिड हेवावितरणे. वडील फर्निचरचे मोठे व्यापारी होते आणि मुलाच्या कामाला त्यांचा आधार होता. मात्र विहार, शाळा, मासिक, धर्मशाळा हा सगळा पसारा एका घराच्या पैशावर चालणारा नव्हता.

१८९३ मध्ये ते शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले. परतीच्या प्रवासात जहाज होनोलुलूला थांबले. तिथे त्यांना भेटायला आलेल्या थिऑसॉफिस्ट मंडळींमध्ये मेरी फोस्टर होत्या, श्रीमंत आणि विधवा. आपल्याला राग आवरत नाही, ही आपली अडचण त्यांनी या तरुण प्रचारकापुढे मांडली. धम्मपालांनी त्यांना मनावर ताबा कसा मिळवावा हे सांगितले. थोड्या वेळात जहाज सुटले. त्या भेटीच्या वर्णनांत देणगीचा विषय येत नाही.

त्यांचे नाते पुढे टिकले ते मुख्यतः पत्रांवर. मध्ये महासागर होता आणि भेटी फार थोड्या. मोठ्या देणग्या येऊ लागल्या त्या विसावे शतक उजाडल्यावर. म्हणजे जहाजावरच्या त्या गप्पांनंतर बरीच वर्षे गेली होती. पुढे मेरी फोस्टर यांच्या पैशातून कोलंबोत मोफत रुग्णालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव दिले गेले. कोलकात्यात १९२० मध्ये धर्मराजिक विहार उघडला, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराचेही तसेच.

१९१३ मध्ये धम्मपाल मुद्दाम होनोलुलूला गेले, ते आभार मानायला. सोबत अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे रोप नेले. आपल्याकडे देणगीची पावती फाडली की काम संपले असे समजणारे कमी नाहीत. मार्चअखेरीला, अर्जाची मुदत संपत आली की दात्याचा नंबर शोधणारे तर त्याहून जास्त. आपण कोण, काय करतो, हे त्या माणसाला आधी कधी कळलेलेच नसते. मग नकार आला की दाता जातीयवादी ठरतो. कधी तो असतोही, पण प्रत्येक नकाराचे कारण तेच नसते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इतक्या मोठ्या कामाचा एवढा भार एकाच दायिकेवर असणे जोखमीचे होते. वस्त्यावस्त्यांतून दरमहा येणारी छोटी वर्गणी आपल्या विहारांना आजही जास्त सुरक्षित ठेवते, असे आम्हाला वाटते. आणि बुद्धगयेचा प्रश्न पैशाने सुटणारा नव्हताच. १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापनाची समिती नेमली, तरी बौद्धांच्या हाती पूर्ण ताबा आला नाही, म्हणून लढा अजून चालू आहे.

मेरी फोस्टर १९३० मध्ये वारल्या. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मूलगंधकुटी विहार खुला झाला, तो त्यांना पाहता आला नाही. धम्मपालांनी १९३३ मध्ये तिथेच भिक्षू म्हणून उपसंपदा घेतली आणि २९ एप्रिलला सारनाथलाच त्यांचे निधन झाले. मेरी फोस्टर यांनी आपली बाग होनोलुलू शहराला देऊन टाकली होती. धम्मपालांनी नेलेल्या बोधिवृक्षाचा विस्तार आज त्याच बागेत आहे.