पंधराव्या वर्षी गाजलेला आवाज

मैत्रिणींनो, ‘आप जैसा कोई’ हे गाणं माहीत नाही अशी बाई सापडणं कठीण! आमच्या लहानपणी वरातीतले बॅन्डवाले ते हमखास वाजवायचे. पडद्यावर दिसते ती झीनत अमान. पण तो आवाज होता एका शाळकरी मुलीचा. तिचं नाव नाझिया हसन.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५चा, कराचीतला. बालपण कराची आणि लंडन असं दोन्हीकडे गेलं. आई समाजकार्य करणारी. लंडनमध्ये फिरोज खान यांची तिच्याशी भेट झाली. त्यांनी तिला बिद्दू या मूळच्या बंगलोरच्या संगीतकाराकडे पाठवलं. ‘कुर्बानी’ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एकच बिद्दूंचं. १९८० साली सिनेमा आला आणि गाणं घराघरात पोचलं. लता-आशांच्या आवाजावर वाढलेल्या कानांना हा नाकातला, थोडासा बालिश आवाज नवाच होता. पण त्यात काही नटवेपणा नव्हता, म्हणूनच तो आवडला असं मला वाटतं. या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. गाणं गायलं तेव्हा वय होतं अवघं पंधरा!

पुढच्याच वर्षी धाकटा भाऊ झोहेबबरोबर ‘डिस्को दीवाने’ आला. सिनेमा नाही, नट-नटी नाहीत, नुसती गाणी. तरी कॅसेटी धडाधड खपल्या. पार ब्राझीलपर्यंत ते गाणं गाजलं. त्या काळात पाकिस्तानात जनरल झियांची राजवट होती. मुलींनी चारचौघांत नाचणं-गाणं तिथे रुचत नसे. तरी ही मुलगी गात राहिली. ‘बूम बूम’, ‘यंग तरंग’, ‘हॉटलाइन’ असे तिचे अल्बम येत गेले.

मला मात्र तिचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. एवढं यश मिळाल्यावर शिक्षण कोण करत बसतं? नाझियाने ते सोडलं नाही. लंडनमध्ये व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र शिकली, कायद्याची पदवी घेतली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. अमली पदार्थांविरुद्ध तिने संस्था काढली. १९९२चा ‘कॅमेरा कॅमेरा’ हा अल्बमसुद्धा त्याच मोहिमेचा भाग होता. त्यानंतर ती गाण्यापासून दूरच झाली. व्यसनापायी घरं कशी उद्ध्वस्त होतात, हे वस्तीत काम करताना आम्ही रोज पाहतो. त्यामुळे हे वाचलं तेव्हा ती मला एकदम जवळची वाटली.

१९९५ साली तिचं लग्न झालं, दोन वर्षांनी मुलगा झाला. पण तोवर कॅन्सरने गाठलं होतं. फुप्फुसाच्या कॅन्सरने १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये ती गेली. वय अवघं पस्तीस, मूल तीन वर्षांचं. २००२ मध्ये पाकिस्तान सरकारने तिला मरणोत्तर सन्मान दिला. २०१२च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये ‘डिस्को दीवाने’ नव्या रूपात आलं आणि आजची पोरंही त्यावर नाचली.

आपल्याकडे मुलगी गाण्यात किंवा खेळात चमकली की आपण लगेच विचारतो, आता हे की शिक्षण? नाझियाने दोन्ही केलं, आणि मिळालेलं नाव दुसऱ्यांच्या उपयोगी आणलं. आता गॅदरिंगला कुणाची लेक तिच्या गाण्यावर नाचली, तर टाळ्या वाजवाच. पण घरी गेल्यावर तिला या नाझियाची सगळी गोष्टही सांगा!