मलिक अंबर : नहरीच्या पाण्यात चमत्कार नव्हता

छत्रपती संभाजीनगर : मलिक अंबर हे नाव निघाले की या शहरात काही गोष्टी हमखास सांगितल्या जातात. त्याच्या नहरीचे पाणी आपोआप चढ चढत असे, पाणचक्की त्यानेच बांधली आणि मुसलमान वजीर म्हणून तो आपल्या धर्मासाठी लढला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या समजुती त्याच्या चरित्राशी ताडून पाहिल्या, तर त्यांपैकी एकही टिकत नाही.

गुलामांच्या बाजारातून वजिरीपर्यंत

मलिक अंबरचा जन्म इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये झाला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकला जात तो बगदादला पोहोचला. तेथील एका धन्याने त्याला इस्लामची दीक्षा दिली, शिक्षण दिले आणि अंबर हे नावही दिले. पुढे दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशीच होता. हिशेब, कारभार आणि फौजेची व्यवस्था या तिन्हींचे धडे अंबरने त्याच्याच पदरी गिरवले.

इस्लाममध्ये सर्व श्रद्धावान समान असल्याने गुलामही वजीर होऊ शकला, असे अभिमानाने सांगितले जाते. त्यात अर्धेच सत्य आहे. ज्या समाजाने त्याला शिकवले, त्याच समाजाच्या बाजारात तो विकला गेला होता. त्याच्या उत्कर्षाला दख्खनेतील सुलतानांची गरजही तितकीच कारणीभूत होती. त्यांना स्थानिक घराण्यांशी नातेसंबंध नसलेले निष्ठावान सैनिक हवे होते. मोगल बादशहा जहांगीर हाही मुसलमान. पण आपल्या आत्मवृत्तात त्याने अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून हिणवतच केला आहे. १६१६ च्या सुमारास त्याचा दरबारी चित्रकार अबुल हसन याने अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण सोडणारा जहांगीर रंगवला. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही.

लढाई कोणाशी?

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. निजामशाही संपली असे वाटत असतानाच अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले आणि पुढची पंचवीस वर्षे ते राज्य जिवंत ठेवले. त्याचा मुख्य शत्रू मोगल होता, प्रसंगी विजापूरची आदिलशाहीही. त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे असे सर्वच होते. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने मोगल आणि आदिलशाही अशा संयुक्त फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच कामी आले. उलट, लखुजी जाधवरावांसारखे मातब्बर सरदार काही काळ मोगलांना जाऊन मिळाले होते. या संघर्षाची वाटणी धर्माच्या रेषेवर करता येत नाही. सत्ता, जहागिरी आणि दख्खनची स्वायत्तता हेच त्याचे खरे विषय होते.

त्याचा कारभारही धर्मापेक्षा जमिनीकडे पाहणारा होता. त्याने जमिनीची प्रत ठरवून सारा आकारण्याची पद्धत घातली आणि मक्तेदारीला आळा घातला. ‘मलिकंबरी’ या नावाने ती पद्धत मराठी मुलखाच्या महसुली इतिहासात टिकून राहिली.

पाणी चढते कसे?

१६१० च्या सुमारास अंबरने खाम नदीकाठच्या खडकी या खेड्याजवळ नवी राजधानी वसवली. मोगल फौजांनी ती १६१६ मध्ये जाळली, १६२१ मध्ये पुन्हा उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा ती पुन्हा उभी राहिली. राखेतून पुन्हा उठणाऱ्या या शहराला खात्रीचे पाणी देत होती ती नहर-ए-अंबरी.

या नहरीत चमत्कार नव्हता. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूची जमीन उंच आहे. तेथे भूगर्भात झिरपणारे पाणी बंदिस्त नाल्यात गोळा करून हलक्या उताराने शहराकडे आणले गेले. स्वच्छतेसाठी आणि हवेसाठी ठिकठिकाणी विवरे ठेवली गेली. पुढे खापरी नळांतून ते पाणी वस्त्यांपर्यंत पोहोचले. वाटेत खोलगट भाग आला, तरी बंद नळातील पाणी दाबामुळे पलीकडच्या बाजूला पुन्हा वर येते. नळांवरच्या उंच बंब्यांमुळे कोंडलेली हवा निघून जाई आणि दाब आटोक्यात राही. मात्र पाणी उगमाच्या पातळीच्या वर कोठेही गेले नाही. निसर्गनियम मोडून नव्हे, तर तो नेमका ओळखून हे काम झाले.

हे ज्ञान एका धर्माचे वा एका माणसाचेही नव्हते. इराणातील भूमिगत कालवे फार प्राचीन आहेत. बीदरला तसे कालवे पंधराव्या शतकातच होते आणि निजामशाहीच्या अहमदनगरातही खापरी नळ होते. अंबरचे शत्रू असलेल्या मोगलांनीही १६१५ च्या सुमारास बऱ्हाणपुरात तशीच भूमिगत योजना केली.

पाणचक्की अंबरची नव्हे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील ती वास्तू अंबरच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी आकाराला आली. अंबरने या भूमीत पाणी वळवण्याची जी परंपरा रुजवली, तिचा ती पुढचा टप्पा होती, एवढेच म्हणता येते.

उरले ते काय?

१६२६ च्या मे महिन्यात वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास मलिक अंबरचे निधन झाले. मोगल इतिहासकारानेही त्याच्या युद्धकौशल्याचा आणि कारभाराचा गौरव केला. खुलताबादला त्याची कबर आहे. खडकीचे मुलगा फतेहखानाने फतेहनगर केले, औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद केले आणि २०२३ मध्ये ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले.

नावे बदलली, पाण्याचा प्रश्न मात्र कायम आहे. आज शहराचे पाणी पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून विजेच्या पंपांनी उचलून आणले जाते. जुन्या नहरी कोठे बांधकामांखाली दबल्या, कोठे गाळाने बुजल्या. चमत्कार मानला की त्याची डागडुजी करावी असे कोणाला वाटत नाही, आणि परक्या धर्माची खूण मानली की ती जपावी असेही वाटत नाही. मलिक अंबरने बांधले ते माणसाने मोजून-मापून केलेले काम होते. ते मोजून-मापूनच जपता येईल.