धरणाचा दरवाजा आपोआप उघडवणारा माणूस : विश्वेश्वरय्या

15 सप्टेंबर म्हणजे अभियंता दिन. कॉलेजात फोटोला हार पडतो, भाषणं होतात. पण फोटोतले फेटेवाले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नेमकं काय शिकले आणि ते शिकलेलं कुठं कामाला आलं, हे फारसं कुणी सांगत नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात मेकॅनिक्स आणि गणितात बॅक राहिलेल्या पोरांनी तर हे वाचायलाच हवं.

म्हैसूर संस्थानातलं मुद्देनहळ्ळी हे त्यांचं गाव. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकताना दुसऱ्यांच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी खर्च भागवला आणि 1881 साली बी.ए. झाले. मग संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. हेच आजचं सीओईपी. तिथं 1883 साली एल.सी.ई. परीक्षेत ते पहिले आले. बी.ई. ही पदवी मुंबई विद्यापीठात पुढं कितीतरी वर्षांनी आली. म्हणजे देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या इंजिनिअरकडं इंजिनिअरिंगची 'डिग्री' नव्हती!

1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. सुरुवातीलाच धुळ्याकडं पांझरा नदीच्या खोऱ्यात पाण्याचा पाइप सायफन घालायचं काम आलं. त्यात पाणी नळातून खाली उतरतं आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर चढतं, मोटार न लावता. अट एकच, पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा थोडं खाली पाहिजे. आज डिप्लोमाच्या हायड्रॉलिक्समध्ये हेच शिकवतात. ऐन पावसाळ्यात, नदीला पूर येत असताना त्यांनी ते काम पुरं केलं.

खरी कमाल खडकवासल्याला झाली. पुण्याला पाणी कमी पडत होतं. भिंत उंच करायची तर खर्च मोठा, शिवाय पाणी जितकं खोल तितका तळाशी दाब जास्त, जुन्या भिंतीला तो सोसेल का हाही प्रश्न. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर दरवाजे बसवले. दरवाजा एकीकडं, वजन दुसरीकडं, मधे साखळी, आपल्या तराजूसारखंच. ठरलेल्या पातळीपर्यंत दरवाजा पाणी अडवून धरायचा. पूर येऊन पाणी त्यावर गेलं की तोल बदलायचा आणि दरवाजा आपोआप उघडायचा. पाणी उतरलं की बंद. रात्री-अपरात्री माणूस धावायची गरज नाही. साठा सुमारे 8 फुटांनी वाढला. या दरवाजांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेलं काम म्हणून त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, पिकं फिरवायची आणि पाणी पाळीनं द्यायचं, म्हणजे जास्त गावांना मिळेल. बागायतदारांनी विरोध केला, तर त्यांच्यासोबत बसून समजूत घातली. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर टेलला शेत असलेल्या पाथरी-मानवतच्या शेतकऱ्याला यातली गोम वेगळी सांगायला नको.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. 1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुरानं हैदराबादेत हाहाकार माजला. तेव्हा निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांनाच बोलावलं. नुसती भिंत बांधून भागणार नाही, पूर वरच अडवला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. त्यातूनच पुढं उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले.

नंतर ते म्हैसूरचे दिवाण झाले, 1955 साली भारतरत्नही मिळालं. ती यादी लांबलचक आहे आणि फोनवर कुठंही सापडते. एक गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा कारभार पाहिल्याबद्दल सरकारकडून येणं असलेली मोठी रक्कम त्यांनी स्वतःकडं ठेवली नाही. त्या पैशातून हाताला काम शिकवणारी संस्था काढा, असं त्यांनी सुचवलं. 1943 साली बंगळूरला ती सुरू झाली आणि तिला त्यांनी स्वतःचं नाही, महाराजांचं नाव द्यायला लावलं. आज तिथं डिप्लोमाची पोरं शिकतात.